“डॉक्टर, म्हणजे हे आता जन्मभर का?”

हा प्रश्न मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे. समोर शुगरचा रिपोर्ट असतो, किंवा ब्लडप्रेशरचा आकडा, किंवा थायरॉइडचा. मी समजावून सांगत असतो की घाबरण्यासारखं काही नाही, गोळी रोज घ्यायची, चालायला जायचं, तीन महिन्यांनी परत दाखवायचं. पेशंट मान हलवतो, पण त्याच्या डोक्यात एकच शब्द अडकलेला असतो : ‘जन्मभर’.

टायफॉइड किंवा न्यूमोनियाचं तसं नसतं. ताप येतो, चढतो, औषधं सुरू होतात, उतरतो, आणि एक दिवस आई म्हणते, चला, उद्यापासून शाळा. त्या आजाराला शेवट असतो. डायबेटीस, ब्लडप्रेशर, दमा, आमवात, फिट्स येण्याचा आजार यांना बहुतेक वेळा तसा शेवट नसतो. ते बरे होण्याऐवजी ‘ताब्यात’ राहतात. आणि ताब्यात ठेवण्याचं काम डॉक्टर करत नाही, तुम्ही करता. वर्षातून चार वेळा मला भेटलात, दर वेळी पंधरा मिनिटं, तर झाला एक तास. वर्षातले बाकीचे सगळे तास तुमचे आणि तुमच्या आजाराचे. त्या तासांत तुमच्या सोबतीला कोण असतं, हा प्रश्न आम्हाला मेडिकल कॉलेजात कुणी शिकवला नव्हता.

मला तो एका पेशंटनं शिकवला, तोही उशिरा. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) प्रॅक्टिस सुरू करून मला दोन-तीन वर्षंच झाली होती. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ नियमित यायचे, रिपोर्ट चांगले असायचे. मग एकदा त्यांची शुगर खूप वाढलेली आली. मी तडकलो. दार अर्धवट उघडं होतं, बाहेर माणसं बसली होती, आणि मी म्हणालो, “काका, तुम्हाला तुमचा पाय कापून घ्यायचा आहे का? मग मिठाई खा खुशाल.” ते काही बोलले नाहीत. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि गेले. त्यानंतर ते चार वर्षं आले नाहीत. आले ते उजव्या तळव्यावरची जखम घेऊन, मुलाच्या आधारानं. ड्रेसिंग करता करता आमच्या सिस्टरनी त्यांना बोलतं केलं तेव्हा कळलं की मी ओरडलो त्याच्या दोन महिने आधी त्यांची बायको गेली होती. स्वयंपाक येत नव्हता. शेजाऱ्यांनी दिलेलं आणि बेकरीतून आणलेलं खाऊन ते दिवस काढत होते. मिठाई त्यांनी खाल्लीच नव्हती.

त्यानंतर मी या विषयाचा जुना इतिहास वाचायला लागलो. दीर्घ आजारात औषधाखेरीज माणसाला काय लागतं, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? त्यातलं जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात क्षयरोगापासून करावी लागते. आजच्या पिढीला क्षय म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो खरा ‘जुनाट’ आजार होता, वर्षानुवर्षं झिजवणारा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडलं असं नाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानंच गेल्या. वय अवघं एकवीस. स्वतः डॉक्टर, आणि कारणीभूत जंतूला नाव मिळून पाच वर्षं झालेली. तरी उपाय काहीच नव्हता.

जो काही उपचार होता, तो म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि भरपूर खाणं. श्रीमंत माणूस त्यासाठी डोंगरावरच्या आरोग्यधामात जाऊन राहायचा. गरिबानं काय करायचं? बोस्टन शहरात जोसेफ प्रॅट नावाचा तिशीतला डॉक्टर होता. त्याच्याकडे येणारे क्षयरोगी खोल्यांमध्ये दाटीवाटीनं राहणारे कामगार होते. आरोग्यधामाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. प्रॅटनं ठरवलं की आरोग्यधामातली शिस्त यांच्या घरीच न्यायची. पैसे एका चर्चनं दिले. इमॅन्युएल चर्च, तिथले धर्मगुरू एलवुड वूस्टर. जुलै १९०५ मध्ये त्याचा पहिला ‘वर्ग’ सुरू झाला.

वर्ग हाच त्याचा शब्द. वीस-पंचवीसच्या आत माणसं, आठवड्यातून एक बैठक. नियम कडक होते. काम बंद, दिवसाचे कितीतरी तास नुसतं पडून राहायचं, झोपायचं उघड्यावर, म्हणजे गच्चीवर, गॅलरीत नाहीतर तंबूत. बोस्टनची थंडी लक्षात घ्या! प्रत्येकाला एक वही दिलेली. तीत रोजचा ताप, काय खाल्लं, किती तास विश्रांती घेतली, सगळं लिहायचं. बैठकीला ती वही आणायची, वजन करायचं. शिवाय एक बाई घरोघर जाऊन बघून यायची : खिडकी उघडी आहे का, घरात खायला आहे का, मुलांचं कोण बघतंय. त्या बाईंचा हुद्दा होता ‘स्नेही भेटकरी’. मला हे नाव फार आवडलं.

प्रॅटचा मूळ हेतू अगदी व्यवहारी होता. तेच तेच प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगू, वेळ वाचेल. आमच्या ओपीडीत उभं राहिलेल्या कुणाही डॉक्टरला हे पटेल. पण बैठका सुरू झाल्यावर त्याला वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. वेगवेगळ्या देशांतून आलेली, वेगवेगळ्या धर्मांची, एरवी एकमेकांशी बोललीही नसती अशी माणसं तिथे एकमेकांची वाट बघत होती. एकाचं वजन वाढलं की सगळ्यांना आनंद व्हायचा. नवीन आलेला, घाबरलेला माणूस डॉक्टरच्या शब्दापेक्षा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे बघून सावरायचा. कारण तोही सहा महिन्यांपूर्वी असाच खोकत आला होता. एकच आजार हेच त्यांचं नातं झालं होतं. या पद्धतीवर प्रॅटनं लेख लिहिले, इतर शहरांत तसे वर्ग निघाले. पुढे १९३० मध्ये त्यानं बोस्टनमध्येच वेगळा वर्ग सुरू केला. तो अशा पेशंटसाठी होता, ज्यांच्या तक्रारी शरीराच्या असत पण मूळ मनाच्या ताणात असे. आज मानसोपचारात ‘ग्रुप थेरपी’ म्हणतात तिचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण सुरुवात या क्षयरोग्यांच्या वर्गापासून करतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण व्हॉट्सअॅपवर काय काय फिरतं ते मी बघतो. गप्पा मारून किंवा ‘पॉझिटिव्ह’ राहून क्षय बरा होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. जंतू मारायला औषधच लागतं. पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं आणि त्यानंतर चित्र पालटलं. पण औषध आल्यावरही ते महिनोन्महिने रोज घेणार कोण आणि त्याला ते घ्यायला लावणार कोण, हा प्रश्न उरलाच.

त्याचं एक मोठं उत्तर आपल्या देशातून मिळालं. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. गरीब वस्तीतले १९३ क्षयरोगी घेतले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवलं, निम्म्यांना घरी राहून तीच औषधं दिली. घरच्यांचं खाणं निकृष्ट, खोल्या कोंदट, काहींना काम करणं भाग. सगळ्यांना वाटलं होतं की घरचे मागे पडणार. १९५९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे होते आणि घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही वाढला नव्हता. जगभर आरोग्यधामं बंद पडायला या अभ्यासाचा मोठा हात आहे. मात्र घरी औषधं देताना त्या पेशंटना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. घरी भेटी दिल्या जात होत्या, गोळ्या घेतल्या का ते तपासलं जात होतं. प्रॅटची ‘स्नेही भेटकरी’ बाई आठवली ना?

आता डायबेटीसकडे येऊ. माझ्या वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या घरात तो आहेच.

शंभर वर्षांपूर्वी लहान मुलाला डायबेटीस झाला की आईबापांच्या हातात फारतर वर्ष-दोन वर्षं असत. उपाय एकच : उपासमार. अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन या डॉक्टरनं हा उपचार रूढ केला. जेवढं कमी खाल तेवढे जास्त दिवस जगाल, असा हिशोब. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. तिला अकराव्या वर्षी, १९१९ मध्ये, डायबेटीस झाला. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला पोचली तेव्हा पंधरा वर्षांच्या त्या मुलीचं वजन जेमतेम २० किलो होतं. त्याच वर्षी जानेवारीत टोरांटोच्याच हॉस्पिटलात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं होतं. ११ तारखेचा तो अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. २३ तारखेपासून जास्त शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलगा सावरला. बँटिंग, बेस्ट, कोलिप, मॅक्लाउड ही नावं तुम्ही ऐकली असतील.

एलिझाबेथही वाचली. तिनं पुढे लग्न केलं, तिला मुलं झाली आणि ती १९८१ पर्यंत जगली. जवळजवळ साठ वर्षं रोज इन्सुलिन! पण ही आनंदाची गोष्ट जशी पुस्तकांत सांगतात तिथे मी थांबत नाही. कारण तिनं आपला आजार आयुष्यभर लपवला. वडिलांच्या कागदपत्रांतून त्याचे उल्लेख काढून टाकले. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या डायबेटीस पेशंटपैकी एक, आणि मैत्रिणींना पत्ता नाही.

मला हे वाचून धक्का बसला नाही. माझ्याकडे चोवीस वर्षांची मुलगी इन्सुलिनचं पेन पर्समध्ये खाली, रुमालात गुंडाळून ठेवते. आई म्हणते, “स्थळं बघतोय डॉक्टर, फाईलवर डायबेटीस लिहू नका ना.” शंभर वर्षांत सुया बारीक झाल्या. लपवणं तसंच राहिलं.

इन्सुलिननं डायबेटीस बरा केला नाही, हे त्या काळातही लवकरच लक्षात आलं. त्यानं मरण पुढे ढकललं आणि एक लांबलचक आयुष्य हातात दिलं, पण त्या आयुष्याबरोबर रोजचं काम आलं. काचेची सिरिंज उकळायची, सुई घासून धार लावायची. लघवीचे काही थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं-पिवळं म्हणजे थोडी साखर, विटेसारखं लाल झालं की धडधड. आमच्या काही ज्येष्ठ पेशंटनी हे स्वतः केलेलं आहे. आणि पुढे डोळे, किडनी, पाय यांचे प्रश्न दिसू लागले, कारण माणसं ते दिसण्याइतकी जगू लागली होती.

हे ओझं आतून ओळखणारा एक डॉक्टर लंडनमध्ये होता. रॉबिन लॉरेन्स. सर्जन व्हायचं होतं. सरावासाठी हाड कोरताना एक कपची उडून डोळ्यात गेली, जखम चिघळली, आणि तपासणीत कळलं की डायबेटीस आहे. हे १९२० च्या सुमाराचं. मरायचंच आहे तर घरच्यांच्या डोळ्यांसमोर नको, म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला. १९२३ मध्ये लंडनहून सहकाऱ्याची तार आली की इन्सुलिन मिळालंय, गुण येतोय, लगेच ये. तो परतला, वाचला, आणि उरलेलं आयुष्य डायबेटीसच्या पेशंटसाठी दिलं. तो १९६८ पर्यंत जगला.

त्याच्या पेशंटपैकी एक होते ‘टाइम मशीन’चे लेखक एच. जी. वेल्स. दोघांनी मिळून १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये डायबेटीस असणाऱ्यांची संघटना काढली. तीच आज ‘डायबेटीस यूके’ नावानं चालते. तिचं वेगळेपण असं की ती डॉक्टरांनी पेशंटसाठी चालवलेली संस्था नव्हती. पेशंट आणि डॉक्टर एकाच टेबलाशी बसत, आणि मुख्य डॉक्टर स्वतःच पेशंट! गरिबाला इन्सुलिन मिळालं पाहिजे हा तिचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी त्यांनी मासिक काढलं, लोकांना एकमेकांचे अनुभव कळू लागले.

त्याच काळात बोस्टनमध्ये इलियट जॉस्लिन होते. त्यांच्या स्वतःच्या आईला डायबेटीस होता. १९१८ मध्ये त्यांनी पेशंटसाठीच पुस्तक लिहिलं आणि घरोघर जाऊन शिकवणाऱ्या नर्सेस तयार केल्या. माझ्या मते हे त्यांचं काम मोठं आहे. पण त्यांच्यासारख्यांच्या शिकवणीतून एक सूरही रुजला : शुगर चांगली म्हणजे माणूस चांगला, शुगर वाढली म्हणजे त्यानं चुकारपणा केला. जणू वर्गातला हुशार मुलगा आणि ढ मुलगा. त्या सुराचा वारस मी होतो, त्या अर्धवट उघड्या दाराआड.

शुगर वाढायला खाण्याखेरीज किती कारणं असतात! जंतुसंसर्ग, स्टेरॉइडची गोळी, अपुरी झोप, इन्सुलिन नीट न ठेवल्यानं बिघडलेलं, आजाराचं वय वाढल्यानं स्वादुपिंड थकलेलं. आणि मनावरचा ताण, ज्यात शरीर स्वतःच रक्तात साखर सोडतं. १९९५ मध्ये अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यात पेशंटला विचारलं जातं : खाण्यावरून अपराधी वाटतं का, पुढे काय होईल याची धास्ती वाटते का, घरचे समजून घेत नाहीत असं वाटतं का, या रोजच्या उठाठेवीनं थकून गेलात का. या थकव्याला वेगळं नाव मिळालं. तो वेड नव्हे, नैराश्यही नव्हे. तो जन्मभराच्या नोकरीचा शिणवटा आहे, जिला रविवार नाही.

नैराश्य मात्र वेगळं ओळखायला हवं. डायबेटीस असणाऱ्यांत त्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं वाटत असेल, तर ते ‘वयाचं’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. नैराश्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

महाराष्ट्राला ही ‘आजाराच्या नात्या’ची कल्पना परकी नाही. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांच्या पुढाकारानं मुक्तांगण सुरू झालं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्यानं आलेल्याशी बोलतो, आणि म्हणून तो ऐकतो. हेच शुगर-बीपीला का लागू करू नये?

आमच्या दवाखान्यात महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, ओपीडी संपल्यावर, बाहेरच्या बाकांवर दहा-बारा जण जमतात. भाषण नाही, प्रोजेक्टर नाही. मी पहिली दहा मिनिटं बसतो आणि नंतर उठतो, कारण मी असलो की सगळे शहाण्यासारखं बोलतात. काय बोललं जातं ते सिस्टर सांगतात. सुनेला न दुखावता कमी भात कसा मागायचा. एसटीच्या प्रवासात इन्सुलिन कसं न्यायचं. (थर्मासमध्ये; पण बर्फाला चिकटवून नाही, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.) आपल्या गोळ्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत आणि कुणाचं ऐकून स्वतःच्या बंद करायच्या नाहीत, हे दोन नियम मी भिंतीवर लावून ठेवले आहेत.

ते काका येतात. जखम भरायला पाच महिने लागले, एक बोट गेलं, पाय वाचला. आता ते स्वयंपाक करतात. मागच्या गुरुवारी एका नव्यानं विधुर झालेल्या गृहस्थांना त्यांनी वरणाला फोडणी कशी द्यायची ते कागदावर लिहून दिलं, तेलाच्या मापासकट.